मागच्या चाकात ट्यूब टिकेना (१२५ पिट बाईक, १२ इंची चाक): दोन महिन्यांत पाच गेल्या

तांबडी_माती (धागाकर्ता)

गाडीची माहिती आधीच देतो, म्हणजे धाग्याला फाटे फुटणार नाहीत.

१२५ सीसी पिट बाईक (कच्च्या रानात चालवायची बुटकी गाडी). पुढचा टायर ६०/१००-१४, मागचा ८०/१००-१२. दोन्ही चाकं आऱ्यांची. रिम लॉक (टायर रिमवर सरकू नये म्हणून आतून आवळायचा तुकडा) नाही. चालवणारा ७० किलोचा. जागा पन्हाळ्याच्या पायथ्याचं घरचं रान: तांबडी माती, मधेमधे जांभ्याचे दगड, एका अंगाला ऊस. हवा १२ पौंड, पेट्रोल पंपावरच्या मीटरनं.

मागची ट्यूब दोन महिन्यांत पाच वेळा बदलली. पुढची अजून पहिलीच आहे. टायरमध्ये आतून हात फिरवला, काटा-खिळा काही लागत नाही. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्यूबा झाल्या, शेवटची 'हेवी ड्युटी' म्हणून घेतली, तीपण चौथ्या फेरीला बसली. कोणत्या कंपनीची घ्यावी?

पाना_१०_१२

कंपनी नंतर बघू. गेलेल्या ट्यूबा टाकून दिल्यात की आहेत? असतील तर प्रत्येकीत थोडी हवा भरून पाण्यात बुडवा आणि एवढं सांगा:

भोक कुठं आहे? टायरच्या अंगाला, रिमच्या अंगाला, कुशीला की व्हॉल्वच्या बुडाशी?
भोक कसं आहे? सुईएवढं, चीर, की शेजारी शेजारी दोन चिरा?
ट्यूबवर साइज काय छापलाय?
व्हॉल्व सरळ की वाकडा, धातूचा की रबरी बुडाचा?

एक ट्यूब गेली तर नशीब म्हणता येतं. पाच गेल्या म्हणजे चाकात काहीतरी आहे, आणि ते कुठं आहे हे फाटलेली ट्यूबच सांगते. पंक्चरवाला ती कोपऱ्यात भिरकावतो, तिथंच माहिती जाते.

बिनगिअरचा

एवढं कशाला राव. २५ पौंड मारा, विषय संपला. जाळ अन् धूर संगटच.

पाना_१०_१२

२५ पौंडावर ही गाडी जांभ्यावर चेंडूसारखी उडेल. ११०-१२५ च्या छोट्या गाड्यांना कारखाना साधारण १४-१५ पौंड सांगतो, तो गंमत म्हणून नाही. टायरची कुस दगडावर दबली पाहिजे, तरच पकड मिळते. हवा वाढवून दुखणं झाकता येतं, पण रिमच्या आतला बर (धातूची बारीक टोचरी कड) तसाच राहतो.

तांबडी_माती

पाचही आहेत, गोठ्यात टांगलेल्या. बघून लिहितो:

१) साइज ३.७५-१२, व्हॉल्व वाकडा, धातूचा. व्हॉल्वच्या बुडाशी अर्धगोल फाटलीय.
२) तीच ट्यूब, तसंच फाटलेलं. शिवाय ट्यूबवर दोन ठिकाणी आडव्या घड्यांच्या रेघा.
३) ३.००-१२, सरळ व्हॉल्व. रिमच्या अंगाला सुईएवढं भोक.
४) ३.००-१२, सरळ. कुशीला दोन चिरा, मधे दीड सेंटिमीटर अंतर.
५) 'हेवी ड्युटी' ३.००-१२, सरळ. पुन्हा व्हॉल्वच्या बुडाशी.

सोळा_दात

मग हे एक दुखणं नाही, तीन आहेत. म्हणून कंपनी बदलून उपयोग झाला नाही. एकेक घेऊ.

पहिल्या दोन ट्यूबा मुळातच चुकीच्या. ३.७५-१२ हा साइज ई-रिक्षाच्या टायरला असतो, बाजारात सहज मिळतो म्हणून दुकानदार "१२ म्हणजे १२च" असं म्हणून देतो. तुमचा ८०/१००-१२ म्हणजे जुन्या भाषेत ३.००-१२. मोठी ट्यूब लहान टायरमध्ये मावत नाही, ती घडी घालून बसते. चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला ती घडी चोळली जाते आणि रबर तिथंच झिजतं. दुसऱ्या ट्यूबवर दिसलेल्या रेघा त्याच.

कोल्हापुरात हमखास होणाऱ्या आणखी दोन चुका इथंच लिहून ठेवतो. १० इंची चाकाच्या ५० सीसी गाडीला (टायर २.५०-१०) जुन्या चेतक स्कूटरची ३.५०-१० ट्यूब देतात. ती रुंदीला मोठी आहेच, शिवाय तिचा व्हॉल्व एका बाजूला सरकलेला आणि वाकडा असतो, कारण त्या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची. मध्यावर भोक असलेल्या आऱ्यांच्या रिममध्ये तो घातला की ट्यूब जन्मभर पिळलेलीच राहते. १० इंची चाकात हबमुळे जागा कमी, म्हणून वाकडा व्हॉल्व सोयीचा पडतो हे खरं, पण तो निघतो कुठून, ट्यूबच्या मध्यातून की कडेतून, ते बघून घ्या.

दुसरी चूक पुढच्या १४ इंची चाकाची. मोपेडची २.५०-१६ ट्यूब घालतात. आकडा २.५० जुळतो ना! पण व्यास २ इंच जास्त म्हणजे घेर सव्वासहा इंच जास्त, म्हणजे जवळजवळ १६ सेंटिमीटर ट्यूब जादा. ती जाणार कुठं? घडीच पडणार.

उलटही तितकंच वाईट. १० ची ट्यूब ताणून १२ वर चढवली की रबर सगळीकडे पातळ होतं आणि जोडावर उभी फाटते.

गगनबावडा_घाट

चौथ्याचं मी सांगतो. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे सापाचा डंख. दगडावर चाक आपटलं, टायर पूर्ण दबला, ट्यूब दगड आणि रिमच्या दोन्ही कडांमध्ये चिमटली. कारण एकच, हवा कमी. तुम्ही १२ म्हणताय, पण पंपावरचा मीटर ट्रक-बससाठी असतो. १०० च्या वर मोजायला बनवलेल्या काट्यावर १२ चा भरवसा धरू नका. ० ते ३० पौंडाचा छोटा गेज घ्या आणि सकाळी, गाडी थंड असताना मोजा. चालवून गरम झालेल्या टायरमध्ये दर १० अंशांना साधारण १ पौंड जास्त दिसतो. गरम टायर बघून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी.

पण खात्री करा. टायर लिव्हरखाली (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली) ट्यूब चिमटली तरीही चीर पडते. फरक असा: लिव्हरची चीर एकटी असते, कडेजवळ असते आणि ट्यूब घातल्या दिवशीच हवा जाते. डंखाच्या चिरा जोडीनं येतात, दगडावर आपटल्यावर.

तांबडी_माती

चौथी घातल्यावर आठ दिवस चालली होती. म्हणजे डंखच.

बुडाशी फाटण्याचं काय? तिथं ना दगड लागतो ना काटा.

सोळा_दात

तिथं टायर लागतो.

कमी हवेवर रिम आणि टायर यांच्यातली पकड ढिली पडते. एक्सलेटर दिला की रिम पुढं फिरते आणि टायर तसूभर मागं राहतो. ट्यूब टायरला चिकटलेली, ती टायरबरोबर मागं जाते. व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला. दर वेळी थोडं थोडं सरकून व्हॉल्व तिरका होतो आणि बुडाशी रबर फाटतं. तुमची ट्यूब हेवी ड्युटी असो नाहीतर ३ मिलिमीटर जाडीची, व्हॉल्वच्या मुळाशी ती ओढ सोसत नाही.

पुढची ट्यूब का टिकली तेही यातूनच कळतं. पुढच्या चाकाला इंजिनची ओढ नाही, फक्त ब्रेकची आहे.

हे घरी तपासता येतं. व्हॉल्वच्या समोर टायर आणि रिम दोन्हींवर मिळून एक खडूची रेघ मारा. चिखलात खडू पुसला जातो, तेव्हा पांढऱ्या रंगाचा पेन वापरला तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून किती सरकले ते पट्टीनं मोजा. तिथंच व्हॉल्वही बघा. त्याचं बाहेरचं टोक चाक पुढं फिरतं त्या दिशेला झुकलेलं असेल तर एक्सलेटरनं सरकलाय. उलट दिशेला असेल तर ब्रेकनं.

आणि एक विचारतो. व्हॉल्वची चकती-नट रिमवर घट्ट आवळलीय का?

तांबडी_माती

हो, पान्यानं आवळलीय. दुकानातच आवळून देतात.

सोळा_दात

तीच चूक. नट रिमवर आवळला की व्हॉल्वला हलायला जागाच उरत नाही, टायर सरकला की थेट मुळाशी फाटतो. नट रिमपासून सोडवून वर टोपणापाशी नेऊन टोपणावर आवळा. हवा भरताना व्हॉल्व आत जाऊ नये एवढ्यासाठीच तो नट असतो. मोकळा सोडला की व्हॉल्व तिरका होताना डोळ्याला दिसतो आणि फाटायच्या आधी टायर परत सरळ करता येतो.

उद्यमनगरचा_लेथ

रिमचं भोक मोजलंय का कुणी? व्हर्नियर लावा. धातूच्या बारीक व्हॉल्वला भोक ८ मिलिमीटरच्या आसपास लागतं. रबरी बुडाच्या व्हॉल्वला साडेअकरा. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व घातला की तो खुळखुळतो आणि रिमच्या भोकाची कड त्याच्या मुळाला कापत बसते.

तांबडी_माती

मोजलं. भोक ११.५. व्हॉल्व ८ चा.

खडूचीही चाचणी केली. उसन्या गेजवर पंपावरचे '१२' म्हणजे प्रत्यक्षात ८ निघाले. त्या ८ वर वीस मिनिटं चालवली: रेघ २२ मिलिमीटर सरकली. व्हॉल्वचं टोक चाक फिरतं त्या बाजूला झुकलं.

उद्यमनगरचा_लेथ

बघा, म्हणजे भोक, नट, हवा आणि रिम लॉक नसणं, चारही गोष्टी एकाच जागी येऊन मिळाल्या. ट्यूब कशी टिकणार हो.

भोकाला बुश (भोकात बसणारी छोटी नळी) करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं हे दहा मिनिटांचं काम आहे. माप देतो: नायलॉन किंवा ॲल्युमिनियमची सळी, बाहेरचा व्यास ११.३, आतलं भोक ८.२, टायरच्या अंगाला १५ मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची पातळ टोपी. टोपीच्या कडा फाईलनं गोल करून घ्या, कागदावर फिरवली तर ओरखडा उमटता कामा नये. बुशची लांबी रिमच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, म्हणजे बाहेर डोकावत नाही. पितळ वापरू नका, ॲल्युमिनियमच्या रिममध्ये पितळ आणि पाणी एकत्र आलं की रिम खातं.

किंवा साडेअकराच्या भोकाला जुळणारी रबरी बुडाची ट्यूब शोधा. पण या साइजात ती दुकानात मिळणं कठीण, त्यापेक्षा बुश बरा.

चिखलवाट

तिसरी राहिली, रिमच्या अंगाला सुईचं भोक असलेली. रिम टेप काय आहे?

तांबडी_माती

काळी इलेक्ट्रिकची टेप, तीन वेढे.

चिखलवाट

काढून टाका. उन्हात इलेक्ट्रिक टेपचा गोंद पाघळतो, टेप एका बाजूला सरकते आणि निप्पल (आऱ्यांचे रिममधले नट) उघडे पडतात. त्यातून आरे आवळल्यावर त्यांची टोकं निप्पलच्या खाचेतून वर येतात. एकेक टोक म्हणजे सुई.

ट्यूबवरचं भोक कुठल्या आऱ्याचं ते शोधायची पद्धत: टायर काढायच्या आधी व्हॉल्वच्या समोर टायरवर खूण करा, आणि ट्यूबची कुठली बाजू साखळीच्या अंगाला होती तेही लिहून ठेवा. मग ट्यूब रिमवर तशीच ठेवली की भोक नेमकं कुठल्या निप्पलवर येतं ते दिसतं. खूण न करता टायर काढला की नुसतं चाचपडत बसावं लागतं.

मग रिम अशी साफ करा. जुनी टेप आणि गोंद पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. वाळू द्या. प्रत्येक निप्पलवरून बोट फिरवा (हळू!), टोक वर असेल तर बारीक फाईलनं निप्पलच्या माथ्याबरोबर घासा. आता कापसाचा बोळा घेऊन रिमच्या आत पूर्ण एक फेरी मारा. जिथं कापसाचा धागा अडकेल तिथं बर आहे. बोटाला लागत नाही तो बर कापूस धरतो. लोखंडी रिमचा जोड जिथं वेल्ड केलाय तिथं हमखास अडकतो. पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, परत कापूस फिरवा.

हेच टायरच्या आतही करा. तुम्ही हात फिरवलात, पण बाभळीचा काटा आत मोडून राहिला की त्याचं टोक टायर मोकळा असताना बाहेर येत नाही. टायर दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला वाकवा, एका वेळी वीतभर, तेव्हा टोक वर येतं. ऊसतोडीनंतरचे बुडखेही तिरके तुटलेले असतात आणि टायर आरपार फोडतात. ते भोक बाहेरून दिसत नाही, आतून फक्त धागे विस्कटलेले दिसतात.

नवीन टायर असेल तर आतला कागदी स्टिकर खरवडून काढा. तो सुकून कडक होतो आणि त्याची कड ट्यूब घासते.

टेप म्हणून तयार रबरी रिम पट्टी मिळाली तर उत्तम. नाहीतर जुन्या ट्यूबची पट्टी कापा: निप्पल पूर्ण झाकतील एवढी रुंद, पण टायरची कड बसते त्या खाचेवर चढणार नाही एवढी. व्हॉल्वसाठी भोक पंचनं पाडा, कात्रीनं नको. कात्रीच्या कोपऱ्यातून पट्टी चिरत जाते.

बिनगिअरचा

मूस (ट्यूबऐवजी टायरमध्ये घालायचा फोम) किंवा ट्यूबलेस का नाही करत? एकदाच खर्च.

सोळा_दात

आऱ्यांची रिम प्रत्येक निप्पलमधून हवा सोडते. सगळे निप्पल सिलिकॉननं बंद केले तरी १२-१५ पौंडावर दगड लागला की टायरची कड रिमवरून उचलते आणि क्षणात सगळी हवा जाते. ट्यूबलेस रिमला आतून कड धरून ठेवणारा उंचवटा असतो, या रिमला तो नाही. मूस बसवायला वेगळी हत्यारं लागतात, शिवाय तो सारखा वंगणात ठेवावा लागतो. रविवारी तासभर चालवायच्या गाडीला हा खटाटोप कशाला.

पाना_१०_१२

रिम लॉकवर या आता. मागच्या चाकाला हाच खरा उपाय, बाकीचे हातभार.

रिमची रुंदी आधी बघा, रिमवरच ठोकलेली असते. १२ इंची मागच्या रिमला बहुतेक १.६० किंवा १.८५ असते. रिम लॉकही त्याच मापाचा घ्या, मोठा घेतला तर टायरची कड खाचेत बसतच नाही.

भोक व्हॉल्वपासून पाव चाक अंतरावर, दोन आऱ्यांच्या बरोबर मधे, रिमच्या मध्यरेषेवर. वेल्डच्या जोडावर नको. आधी पंचनं खूण, मग ३ मिलिमीटरचा ड्रिल, मग साडेआठचा. दोन्ही बाजूंनी बर काढा. या भोकाचाच बर पुढची ट्यूब फाडतो आणि लोक रिम लॉकला शिव्या घालतात.

बसवताना लॉक ट्यूबच्या खाली, टायरच्या दोन्ही कडांच्या मधे. टायर पूर्ण बसेपर्यंत नट फक्त दोन-तीन आटे. हवा भरून कड दोन्ही बाजूंनी सारखी बसली की मगच आवळायचा, १२ न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्यानं एका हाताच्या जोरानं, दोन्ही हात लावून नको. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळा.

गगनबावडा_घाट

काहीजण रिमच्या कडेतून बारीक स्क्रू टायरच्या कडेत घालतात, दोन्ही अंगाला तीन-तीन. जुनी युक्ती. मी सुचवणार नाही. स्क्रू दोन मिलिमीटर लांब झाला की तोच ट्यूब फोडतो, आणि पातळ ॲल्युमिनियमच्या रिमला सहा जादा भोकं म्हणजे सहा जागी तडा जायची तयारी.

पाना_१०_१२

+१. नकोच.

आता ट्यूब घालायची पद्धत, कारण अर्ध्या ट्यूबा घालतानाच मरतात:

टायर उन्हात अर्धा तास ठेवा. मऊ टायर भांडत नाही.

एक कड रिमवर चढवून घ्या. रिम लॉक जागेवर, नट ढिला. टायरच्या आत टाल्कम पावडर मूठभर, हात फिरवून सगळीकडे पसरा, ढीग राहू देऊ नका. ट्यूबलाही पावडर चोळा.

ट्यूबमध्ये एवढीच हवा भरा की ती गोल दिसेल पण ताणणार नाही. रिकामी ट्यूब घडी घालते आणि लिव्हरखाली येते. व्हॉल्व भोकातून काढा, नट दोन आटे लावा.

दुसरी कड चढवताना सुरुवात रिम लॉकपासून. लॉक आत ढकलून कड त्याच्याखाली सरकवा. मग दोन्ही बाजूंनी पुढं जा. गुडघ्यानं समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा, सगळं गुपित तेवढंच. कड खोलगटात असेल तर शेवटचे चार इंच लहान लिव्हरनं बसतात, नसेल तर दोन फुटी टॉमीनंही बसणार नाहीत. जोर लागतोय असं वाटलं की थांबा, समोरची बाजू वर आलीय. लिव्हर फार आत घालू नका, कड उचलण्यापुरता. व्हॉल्वपाशी कड बसवताना व्हॉल्व बोटानं आत ढकला, म्हणजे त्याचं जाड बूड कडेखाली सापडत नाही.

कडेला साबणाचं पाणी. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑईल नको. तेलानं रबर फुगतं, आणि टायर आणखी सरकतो.

आता महत्त्वाचं, दुकानात कुणी करत नाही ते: ३०-३५ पौंड हवा भरून कड बसवा, रिमलगतची टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग व्हॉल्वची पिन काढून सगळी हवा सोडा. टायर थोडा हलवा. पिन लावून पुन्हा हवा भरा, या वेळी १४-१५. मधल्या रिकाम्या वेळात ट्यूबच्या घड्या सुटतात.

तांबडी_माती

पावडर म्हणजे साधी अंगाला लावायची? आणि पावसात तिचा लगदा होत नाही का?

चिखलवाट

साधी चालते. फ्रेंच चॉक मिळाला तर त्याहून बरा. पावसाळ्यात व्हॉल्वच्या आणि रिम लॉकच्या भोकातून पाणी आत जातं, सोबत तांबडी माती. ती पावडरीबरोबर पॉलिश पेपरसारखी ट्यूब घासते. ट्यूब काढल्यावर आतून काळा चिखल निघाला आणि ट्यूब ठिकठिकाणी चकचकीत पातळ झालेली दिसली तर हेच कारण. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा टायर उघडा, धुवा, वाळवा, नवी पावडर. लॉकच्या नटाखाली रबरी वॉशर घातलात तर पाणी बरंच थांबतं.

बिनगिअरचा

सीलंट (भोक आतून बुजवणारा पातळ लगदा) घातला तर? बाभळीच्या काट्याला लई भारी चालतो म्हणतात.

सोळा_दात

काट्याला चालतो, खरंय. बुडाशी फाटलेल्याला, डंखाला, घडीला काही करत नाही, आणि यांचं दुखणं तेच आहे. वर त्या ट्यूबवर नंतर पॅच धरत नाही, ओला लगदा भोकातून झिरपत राहतो. बाभळीच्या बांधाकडेच चालवणार असाल तर घाला, नाहीतर नको.

गगनबावडा_घाट

पॅचचं निघालंच आहे तर: व्हॉल्वच्या मुळापासून इंचभराच्या आत पॅच लावू नका, तिथं रबर सतत हलतं, सुटतोच. बाकी ठिकाणी लावायचा तर ट्यूबचा जोड वर आलेला असेल तो आधी घासून सपाट करा. सोल्युशनचा पातळ थर, पाच मिनिटं थांबा, बोट लावल्यावर ओढल्यासारखं वाटलं पाहिजे पण बोटाला लागता कामा नये. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मग मधून कडेकडे दाबत जा आणि वर पावडर.

डंखाच्या दोन चिरांना एकच मोठा पॅच, दोन छोटे नकोत.

तांबडी_माती

केलेलं लिहितो.

नायलॉनचा बुश बसवला. इलेक्ट्रिक टेप काढली, दोन आऱ्यांची टोकं वर होती, घासली. कापूस वेल्डच्या जोडावर अडकला, तिथं पॉलिश पेपर. जुन्या ट्यूबची पट्टी. ३.००-१२, सरळ व्हॉल्वची ट्यूब, नट टोपणापाशी.

रिम लॉकशिवाय १५ पौंडावर: वीस मिनिटांत ६ मिलिमीटर.
रिम लॉक लावून १५ वर: रेघ हलली नाही.
रिम लॉक लावून १२ वर: १ मिलिमीटर, तोही कदाचित पेनाच्या जाडीचा.

सहा फेऱ्या झाल्या, ट्यूब तीच आहे. एक शंका: लॉकमुळे वेगात चाक थोडं थरथरतं. वजन लावू का लॉकच्या समोरच्या बाजूला?

सोळा_दात

लॉकशिवाय १५ वर ६ मिलिमीटर सरकत होता, आता १२ वरही १च, म्हणजे काम झालं. या गाडीच्या वेगाला समोर वजन लावायची गरज नाही. आधी आऱ्यांचा ताण बघा, पान्यानं एकेक आरा वाजवा. ज्याचा आवाज बद्द येतो तो ढिला, थरथर बहुतेक त्याचीच. आवळाल तेव्हा पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नको, आणि आवळल्यावर टोक परत वर आलं का ते पट्टी उचलून बघा. नाहीतर तिसऱ्या ट्यूबचीच कथा परत.

चिखलवाट

धागाकर्ते, एक अवांतर. वरच्या अंगाला मसाई पठारावर गाडी नेऊ नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. आणि नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, घरच्या रानातच ठेवा.

तांबडी_माती

घरच्याच रानात आहे. आरे वाजवले, साखळीच्या अंगाचे तीन बद्द वाजले.

पुढची ट्यूब अजून मूळचीच आहे. तिलाही लॉक लावू का?

पाना_१०_१२

नको. आधी पुढच्या टायरवर पेनाची रेघ मारा. ब्रेक दाबून दाबून चार फेऱ्या मारा. रेघ सरकली नाही तर हात लावू नका. फक्त तिथला नटही रिमवरून सोडवा, आणि सुटी ठेवायला ट्यूब घ्याल ती २.५०-१४च घ्या, १६ ची नको.

सुटी ट्यूब अवजारांच्या पेटीत मोकळी टाकू नका. पावडर लावून, गुंडाळून, जुन्या मोज्यात. पिन उचकायचं टोपण त्याच मोज्यात.